लागला म्हणा, मगच चला

"लागला का?"

हा आवाज उदयसिंहरावांचा. घोगरा, भारदस्त, कातरलेल्या सुपारीच्या वासाचा. तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या सीटांवरचं कारखान्यातलं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. दारात कुणी नारळ फोडत होतं, कुणी माझ्या बॉनेटवरून हात फिरवत होतं. उदयसिंहराव आत बसले, ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी स्वतःलाच विचारलं, "लागला का?" मग पाय दाबला. पेडल थोडं खाली गेलं आणि दगडासारखं घट्ट थांबलं. तेव्हा कुठं त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, "लागला."

मित्रांनो, मी बडोद्याच्या नागरवाड्यातली एक जुनी फियाट गाडी आहे. करडी, गोल डोळ्यांची, पाठीला बाक असलेली. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की गोड बोलतात, उसासे टाकतात. मी तशी बोलणार नाही. मी रागात आहे. उसासा मी एकाच दुपारी टाकला, आणि त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

आधी त्या दोन शब्दांविषयी सांगते. उदयसिंहरावांचे वडील संस्थानाच्या रिसाल्यात स्वार होते. घोड्यावर बसण्याआधी खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, ओढून बघायचा आणि मोठ्यानं सांगायचं, ही त्यांची रीत. सैल पट्ट्याचा स्वार पहिल्याच वळणावर जमिनीवर. पुढे संस्थान गेलं, घोडे गेले, स्वारांची पोरं कचेऱ्यांत आणि कारखान्यांत लागली. रीत मात्र घरात राहिली. माझ्या पोटाखाली पट्टा नाही, म्हणून ती माझ्या ब्रेकला येऊन चिकटली.

"लागला का?"
"लागला."
"बसू का?"
"बसा."
"जाऊ का?"
"चला."

पेडल घट्ट लागल्याशिवाय चालवणाऱ्यानं 'लागला' म्हणायचं नाही, आणि 'लागला' ऐकल्याशिवाय कुणी माझ्या दारात पाय घालायचा नाही. नव्या सुनेनंही नाही, आलेल्या व्याह्यांनीही नाही. जात्यावरच्या गाण्यासारखी ती सवाल-जबाबांची चाल माझ्या पत्र्यात मुरली. बायका हसायच्या. "अहो, गाडी आहे की देवी? कौल घेतल्याशिवाय हलत नाही!" उदयसिंहराव म्हणायचे, "हसा. पण आधी उत्तर द्या."

ते होते तोवर मी तोऱ्यात होते. मांडवीच्या गर्दीतून मला नेताना ते माझ्याशी बोलत. "हळू गं. बैल आहे पुढं. हां, जाऊ दे त्याला." मीही ऐकत असे. त्यांचा पाय आणि माझी चाकं यांच्यात एक अक्षरसुद्धा हरवत नसे.

ते कसं, तेही सांगते, कारण माझा सगळा राग त्याच्यातच आहे. माझ्या पेडलपासून चारही चाकांपर्यंत बारीक नळ्या गेल्या आहेत. त्यांत तेल भरलेलं असतं. तुम्ही पाय दाबलात की तेल पुढे सरकतं आणि चाकं धरून ठेवतं. तेल आकसत नाही. जेवढं तुम्ही दाबता तेवढं ते प्रामाणिकपणे चाकाला सांगतं. पण नळीत हवा शिरली की संपलं. हवा आकसते. तुम्ही जीव खाऊन दाबता आणि ती आतल्या आत मऊ मऊ हसते. चाकाला काहीच कळत नाही. हवा म्हणजे माझ्या पोटातलं खोटं बोलणं.

उदयसिंहरावांच्या मागं मी त्यांच्या मुलाकडे, हंबीररावांकडे आले. हंबीरराव गोरव्याच्या एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचे, आता निवृत्त आहेत. हात चांगला, जीभ तिखट, आणि लोक काय म्हणतील याची धास्ती मोठी. त्यांचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. दर रविवारी ते मला मेण लावत. माझ्या रंगावर माशी बसली तरी त्यांना खपत नसे. जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत मला नेत, लोक माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढत, "काय ठेवलीय काका!" म्हणत. काका फुलत.

आणि माझ्या नळ्या आतून कुजत होत्या. रबर कडक झालं होतं, तेल काळं पडलं होतं. पेडल रोज थोडं थोडं खाली जात होतं. मी सांगत होते, मित्रांनो! गाडीला जेवढ्या मोठ्यानं सांगता येतं तेवढ्या मोठ्यानं सांगत होते. ते वर मेण घासत राहिले.

त्यांची मुलगी राजेश्वरी. घरात सगळे राजू म्हणतात. शाळेत चित्रकला शिकवते. ती गाडी शिकली ती माझ्यावरच, पोलो ग्राउंडच्या कडेनं. पहिल्याच दिवशी 'लागला' तिनं असं ठणठणीत म्हटलं की मला वाटलं, आजोबा आले. तिचा पाय मी ओळखते. हलका, पण खोटा नाही.

आता गेल्या दसऱ्याचं ऐका.

आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती. घरातल्या तलवारीसोबत, पान्यांसोबत माझीही पूजा झाली होती. दसऱ्याला सकाळी झेंडूचा हार घालून मी दारात उभी. सोनं वाटायला मांडवीकडच्या नातेवाइकांकडे जायचं होतं. गल्ली बघायला जमली होती. शेजारचा हार्दिक गॅलरीतून मोबाइल धरून ओरडत होता, "काका, जरा इथे बघा, व्हिडिओ घेतोय!" हंबीरराव जरीचा फेटा बांधून आत बसले. त्यांनी पेडल दाबलं.

पेडल खाली गेलं. अर्ध्याच्याही खाली, मऊ, चिखलात पाय जावा तसं.

त्यांना कळलं. त्यांच्या पोटरीची शीर ताठरली ती मला कळली. त्यांनी पटकन दोनदा पाय मारला. असं केलं की पेडल घटकाभर वर येतं. बाहेर त्यांची बायको कौशल्याबाई सोन्याची पानं पदराशी धरून उभ्या होत्या. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "लागला का?"

आणि हंबीरराव म्हणाले, "लागला."

गल्लीसमोर, हारासमोर, मोबाइलसमोर, दसऱ्याच्या दिवशी, 'आज गाडी नको, रिक्षानं जाऊ' असं म्हणणं त्यांच्या फेट्याला झेपलं नाही. पिढ्यांच्या रीतीत तो शब्द पहिल्यांदा खोटा निघाला. मी ओरडले. पण माझं ओरडणं म्हणजे हॉर्न, आणि तो त्यांच्याच हाताखाली.

एवढ्यावर थांबलं नाही. पहिल्या नातेवाइकांकडून निघताना त्यांनी कौतुकानं किल्ली राजेश्वरीच्या हातात दिली. "आज तू चालव. बघू दे लोकांना, हंबीररावाची लेक कशी चालवते." कौशल्याबाई तिच्या शेजारी, हंबीरराव मागं. राजेश्वरीनं रीतीनं पेडल दाबून बघितलं. गाडी थांबवताना हंबीररावांनी पुन्हा पुन्हा मारलेलं पेडल अजून वरच होतं. तिला ते घट्ट लागलं. ती खरं तेच बोलली, "लागला."

मांडवीच्या अलीकडे फाफडा-जिलेबीसाठी रस्त्यापर्यंत रांग होती. पुढची रिक्षा अचानक थांबली. राजेश्वरीनं ब्रेक दाबला. पेडल जमिनीला टेकलं. तिनं पुन्हा दाबला. "ब्रेक नाही! पप्पा, ब्रेक नाही!" डावीकडे रांग, पुढं रिक्षा. तिनं मला उजवीकडे एका बंद दुकानाच्या दगडी ओट्यावर नेऊन घातलं. माझा एक डोळा फुटला. रांगेतल्या एकालाही खरचटलं नाही. कौशल्याबाईंनी सावरायला डॅशबोर्डावर हात टेकवला, तो मनगटात मोडला.

लोक धावले. कुणी पाणी आणलं. आणि त्या गर्दीत हंबीरराव काय म्हणाले असतील?

"घाबरली. पाय क्लचवर पडला पोरीचा."

मित्रांनो, मी तिथं चेपलेल्या तोंडानं उभी होते. तिचा पाय ब्रेकवर होता! शेवटपर्यंत होता! तिचा तळवा मी माझ्या पेडलच्या रबरावर अजून सांगू शकते. पण लोखंडाची साक्ष कोण काढतो?

लोकांनी माना हलवल्या. "होतं असं." "बायकांच्या हातात जुनी गाडी द्यायचीच नसते." आधी राजेश्वरी भांडली. "मी ब्रेकच दाबला होता." मग म्हणू लागली, "मला वाटतं, मी ब्रेकच दाबला." मग गप्प झाली. एकदा रात्रीचं जेवण झाल्यावर आईला म्हणाली, "असेलही गं. असेलही क्लच." ते मी शेडमध्ये उभी राहून खिडकीतून ऐकलं. हंबीररावही तिथंच ताटावर बसले होते. त्यांनी हात धुतले.

माझा फुटलेला डोळा नवा बसला. माझा चेपलेला पत्रा ठोकून सरळ झाला. पण एका पोरीच्या मनातून तिचा स्वतःचा पाय काढून घेतला, तो कुणी आणून बसवला नाही. याचा राग मला आहे. ओट्याचा नाही, डोळ्याचा नाही.

त्या दिवसानंतर बाप-लेकीचं बोलणं कौशल्याबाईंमधून होऊ लागलं. "तुझ्या लेकीला सांग, दूध आलंय." "आई, त्यांना सांग, मी घेतलंय." कौशल्याबाईंचं मनगट जुळलं, पण पुरतं वळत नाही. पोळी लाटताना लाटणं एकीकडेच धावतं. पोळ्या गुजरातच्या नकाशासारख्या होतात. त्या हसून म्हणतात, "खा. आज कच्छ तुमच्या वाट्याला."

यंदा नवरात्राच्या तोंडावर हंबीररावांनी मला लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवलं आणि माझ्या सगळ्या जुन्या नळ्या, रबरी पाइप, चाकांमधले ब्रेकचे सिलिंडर काढून फेकले. सगळं नवं आणलं. पेडलजवळचा मुख्य सिलिंडर नवा, त्याच्यावरची तेलाची बाटलीही नवी. स्वतःच्या हातांनी बसवलं. घाम गाळला. 

मग उरलं शेवटचं काम. नव्या नळ्या कोरड्या असतात, त्यांत तेल भरताना हवा राहते. ती बाहेर काढावी लागते. आणि मित्रांनो, जुन्या पद्धतीनं हे काम एकट्यानं होत नाही. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागं बसून पान्यानं बारकी तोटी सैल करायची, हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे, तोटी आवळायची, आणि मगच 'सोड' म्हणायचं. तोटी आवळायच्या आत आतल्यानं पाय सोडला तर बाहेरची हवा उलट आत शिरते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी हंबीरराव पाना घेऊन पायासाठी माणूस शोधू लागले. उद्या पूजेत ठेवलेल्या पान्यांना हात लावायचा नाही, म्हणून काम आजच व्हायला हवं होतं.

"कौशल्या, जरा आत बसतेस?"

"मी तिच्यात बसणार नाही. हात गेला तेवढा पुरे, पाय माझे मला हवेत."

"हार्दिक! अरे हार्दिक!"

गॅलरीतून हार्दिकनं बँडेज बांधलेला पाय कठड्यावर ठेवून दाखवला. "काका, सॉरी हां! कालच्या गरब्यात मुरगळला. दुसरं काय पण सांगा!"

तेवढ्यात राजेश्वरी स्कूटर लावून आत येत होती. कौशल्याबाई तिला म्हणाल्या, "राजू, पाच मिनिटं पाय दे."

"मी? माझा पाय तर क्लचवर पडतो ना?"

 तिनं पर्स आईच्या हातात दिली, चपला काढल्या आणि माझ्यात येऊन बसली. वर्षभरानं. तिचा तळवा पेडलवर आला आणि मला भरून आलं. पण मी राग सोडला नाही.

"तिला सांग," हंबीरराव मागच्या डाव्या चाकापाशी बसत म्हणाले, "दाब म्हटलं की दाबायचं."

"राजू, दाब म्हटलं की दाबायचं," कौशल्याबाई म्हणाल्या.

"त्यांना सांग, दाबलं."

"अहो, दाबलं म्हणते."

हंबीररावांनी तोटी सैल केली. पारदर्शक नळीतून तेल आलं, बुडबुडे आले. त्यांनी तोटी आवळायला घेतली आणि म्हणाले, "तिला सांग, अजून धर." कौशल्याबाईंना ऐकू गेलं ते 'सांग' एवढंच; आवळणारा पाना बघून त्यांना वाटलं, झालं. त्या म्हणाल्या, "सोड गं." राजेश्वरीनं पाय सोडला. फुर्र करून हवा आत!

"अरे काय करताय दोघी! सगळी हवा आत घेतली!"

"मग मध्ये मला कशाला घालता?" कौशल्याबाई उसळल्या. "मी काय टेलिफोन आहे? ती तिथं बसलीय, तुम्ही इथं. दोघांना तोंडं आहेत. मी चालले चहा ठेवायला."

त्या गेल्या. शेडमध्ये दोघंच उरली, आणि मी. हवा काढताना मध्यस्थ चालत नाही, हे मला आधीपासून ठाऊक होतं.

चाकामागून आवाज आला. "दाब."

"दाबला."

"धर."

"धरलाय."

"सोड."

"सोडला."

मित्रांनो, वर्षभर ज्यांनी एकमेकांकडे पाहिलं नव्हतं, त्यांचं हे पहिलं बोलणं. दाब, दाबला. धर, धरलाय. सोड, सोडला. माझ्या जुन्या सवाल-जबाबांसारखीच चाल. क्षणभर मला वाटलं, आता सगळं वाहून जाईल.

पण बुडबुडे थांबेनात. एक चाक झालं, दुसरं झालं, पुढची दोन्ही झाली. पुन्हा पहिलं. तेल ओतायचं, झाकण घट्ट लावायचं, कारण ब्रेकचं तेल उडालं तर रंग खातं, आणि रंग हा हंबीररावांचा जीव. पुन्हा दाब, पुन्हा धर. पेडल दरवेळी मऊच.

"पेडल वर यायला वेळ लावतंय," राजेश्वरी म्हणाली. "कुणीतरी खालून ओढतंय असं वाटतं."

"नवं आहे. तू नीट दाब."

"नीटच दाबतेय."

"दाबतेयस की कुरवाळतेयस? पाय आहे की मोरपीस?"

"आणि तुम्ही पाना धरलाय की आरतीचं ताट? हळूच ओवाळताय तोटीला!"

"तोंड चालतं तेवढा पाय चालव. पेडल खाली जातंय म्हणजे तुझाच पाय कुठंतरी सुटतोय."

राजेश्वरीनं पाय उचलला. सावकाश बाहेर आली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण माझ्या काचा थरथरल्या.

"मागच्या वर्षी पण माझाच पाय होता, नाही का पप्पा? आणि आजही माझाच. मग मला एक सांगा. ब्रेक चांगले होते ना? माझा पाय क्लचवर पडला म्हणून आपटलो ना? मग चांगले ब्रेक काढून हे नवे कशाला बसवले?"

हंबीररावांचा हात पान्यावर थांबला. मी म्हटलं, बोल. आता बोल, माणसा! ते म्हणाले, "जुने झाले होते. तेल बघ किती उरलंय."

हवा! आकसणारी, मऊ, लबाड हवा!

तिनं रागानं माझ्या नव्या बाटलीचं झाकण फिरवलं. आणि तेव्हा मी तो उसासा टाकला. सुस्स. लांब, स्पष्ट. आधी पान्याच्या खडखडाटात हरवत आलेला.

ती थबकली. तिनं झाकण पुन्हा लावलं. "आत बसा. दाबा दोन-तीनदा." आवाज असा होता की हंबीरराव मुकाट बसले, दाबलं, सोडलं. तिनं झाकण उघडलं. पुन्हा सुस्स.

"आई!" तिनं हाक मारली. "तेलाच्या डब्याला तू एकच भोक पाडतेस का?"

कौशल्याबाई चहाचे कप घेऊन आल्या. "एक कसं? दोन. एकातून तेल, दुसऱ्यातून हवा. नाहीतर डबा गचके देतो. का गं?"

राजेश्वरीनं झाकण उलटं करून उजेडात धरलं. झाकणाच्या मध्यभागी सुईएवढं भोक असतं. बाटलीतलं तेल खाली जाताना वरून श्वास यायला. ते भोक लालभडक होतं. गच्च बुजलेलं. बाटलीला वरून श्वास मिळेना, म्हणून मी प्रत्येक वेळी सैल तोटीच्या आट्यांमधून हवा ओढून घेत होते. ते एका दारानं बाहेर काढत होते, मी दुसऱ्यानं आत घेत होते.

"अग बाई," कौशल्याबाईंनी कप खाली ठेवले. "ते माझं कुंकू. सकाळी लावलं. नवी वस्तू घरात आली, कुंकू लावल्याशिवाय कशी वापरायची? तुपात कालवून लावलं, पुसलं जाऊ नये म्हणून."

हंबीररावांना वाट सापडली. ते गाडीतून उतरलेच. "घ्या! तूप-कुंकू! दुपारपासून मी इथं जमिनीवर लोळतोय, पोरगी मला प्रश्न विचारतेय, आणि यांचं कुंकू! अग, यंत्र आहे ते, लग्नातला कलश नाही!"

"हो, माझं चुकलं," कौशल्याबाई म्हणाल्या. एवढंच. ना डोळ्यांत पाणी, ना कारण. पदराच्या टोकानं भोक पुसायला लागल्या, मग पिन काढून साफ केलं, फुंकर मारून बघितलं. "मला माहीत नव्हतं, मी लावलं, चुकलं. झालं. अहो, एवढं बोलायला काय लागतं?"

ते त्यांनी सहज म्हटलं होतं. त्यांना माझ्यासारखं काही माहीत नव्हतं. पण हंबीररावांचा चेहरा त्या चहाच्या सायीसारखा सुरकुतला.

पुन्हा काम सुरू झालं. राजेश्वरी आत, हंबीरराव चाकापाशी. दाब. दाबला. धर. धरलाय. सोड. सोडला. बुडबुडे मोठे आले, मग बारके, मग मोहरीएवढे, मग नुसतं स्वच्छ तेल. चारही चाकांचं. पेडल वर आलं आणि तिच्या पायाखाली दगडासारखं उभं राहिलं. उदयसिंहराव गेल्यानंतर एवढी घट्ट मी कधी झाले नव्हते.

"झालं," राजेश्वरी म्हणाली.

"मग म्हण की, लागला," कौशल्याबाई म्हणाल्या.

"नाही. मी नाही म्हणणार." ती उतरली. "माझ्या पायावर या घरात कुणाचा विश्वास नाही. माझा पण नाही. त्यांना म्हणू दे."

हंबीररावांनी चिंधीला हात पुसले. खूप वेळ पुसले. त्यांनी मला घोड्यांवरून खाली उतरवलं, चाकं जमिनीला टेकली. मग ते आत बसले, दार उघडंच ठेवून. पाय पेडलवर ठेवला. दाबला. मी जराही हलले नाही. आज तो शब्द खरा होता, नुसता तोंडातून काढायचा होता.

रीतीप्रमाणे कौशल्याबाईंनी विचारलं, "लागला का?"

ते गप्प.

गॅलरीतून हार्दिकनं वाकून पाहिलं. "शुं थयुं काका? काय झालं? लागला की नाय?"

 पाय तसाच दाबलेला, पोटरीची तीच शीर ताठ. मित्रांनो, ते गप्प आहेत तोवर मला तुमच्याकडे जे मागायचं आहे ते मागून घेते. उद्या तुमच्याही हाताखाली कुठली तरी वस्तू येईल. गाडी असेल, सायकल असेल, शिवणाचं यंत्र असेल. तिला पुसा, हार घाला, कुंकू लावा, माझी हरकत नाही. फक्त कुठं भोक आहे ते बघून लावा. पण तिचं पेडल खाली जात असेल, तर सगळी गल्ली बघत असली तरी मोठ्यानं म्हणा, की खाली जातंय. फेटा उतरवून ठेवता येतो. आमच्या पोटात राहिलेली हवा आपली आपण निघत नाही. आणि आम्ही आपटतो तेव्हा हात मोडतो तो दुसऱ्याचाच.

राजेश्वरी जायला वळली होती. चपलेत पाय घालत होती.

"राजू, थांब."

ती थांबली. वर्षभरात त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. त्यांनी पेडलवरून पाय काढला नाही, बहुतेक काढायची भीती वाटली असेल. समोरच्या काचेकडे बघत, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, बापासारख्याच घोगऱ्या आवाजात ते म्हणाले,

"आज लागला. त्या दिवशी नव्हता लागला. मांडवीला नाही, इथंच, या दारात. माझा पाय खाली गेला होता, मला कळलं होतं, तरी मी लागला म्हणालो. तू ब्रेकच दाबला होतास, बेटा."